स्टेलाच्या आजीचा आरसा

मी दोमितिलाच्या स्वयंपाकघरातला आरसा बोलतोय. तळहाताएवढा, पत्र्याच्या चौकटीचा. पत्रेवाल्याने माझ्याभोवती सूर्याचे किरण ठोकले, त्यातला एक वाकला, म्हणून बाजारात मला कुणी घेईना. दोमितिलाने घेतलं. तिचाही पुढचा दात पडलेला होता. जोडी जमली म्हणायची.

चाळीस वर्षं मी तिच्या वेण्या पाहिल्या. तिचा मुलगा आन्सेल्मो शिकागोला गेला, तिथेच त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. तिचं नाव स्टेला. दर रविवारी फोनवर नातीचं तोंड दिसलं की दोमितिला हाक मारायची, "एस्तेला!"

"मी एस्तेला नाही! अशी हाक मारलीस तर मी येणारच नाही, आजी," पोर इंग्रजीतून म्हणायची, आणि आन्सेल्मो हसत हसत अर्थ सांगायचा.

नाताळात ती पहिल्यांदाच गावी येणार होती. बसमधून उतरताच तिला नीट हाक मारायची, हा म्हातारीने ध्यासच घेतला. पण आमच्याकडच्या स्पॅनिश वळणाच्या जिभेला सुरुवातीचा 'स्' नुसता उच्चारता येत नाही. ती आधी 'ए'ची पायरी ठेवते, मगच वर चढते.

शेजारचा निकानोर शिकवायला आला. पंधरा वर्षं शिकागोत भांडी घासून, तिथून हाकलला गेलेला.

"मावशी, आधी सापासारखं फुसकारा. मग न थांबता पुढचं बोला."

"मेल्या, या वयात साप करतोस होय मला?"

रोज सकाळी ती मला तोंडासमोर धरायची. स्स्स... एस्तेला. पुन्हा. स्स्स... एस्तेला. माझ्यावर वाफ धरायची, ती शालीच्या पदराने पुसायची, स्वतःवरच चिडायची. मला मात्र फार मजा वाटायची.

सप्टेंबरात फोन मंगळवारी आला. तो उचलण्याआधीच तिने खुर्ची धरली. पोरीला ताप आला होता, तो मेंदूत गेला आणि तीन दिवसांत सगळं संपलं. दोमितिलाला तिकडे जायचा परवाना नव्हता. तिने मला भिंतीकडे तोंड करून टांगलं. सुतकात आमच्याकडे आरसा उघडा ठेवत नाहीत. नऊ दिवस मी फक्त जपमाळेचे मणी ऐकले. त्यानंतरही मला कुणी वळवलं नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे देवाघरी गेलेली लेकरं घरी येतात. रस्त्यापासून दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्या पसरल्या, फोटोपुढे गोड पाव ठेवला. आता दारात उभं राहून नावाने हाक मारायची होती.

"मार ना गं, एस्तेला म्हण. देवाला कळतं सगळं," नणंद ओब्दुलिया म्हणाली.

"देवाला कळेल गं! पण पोरीला कळायला हवं ना? येणार नाही म्हणाली होती ती."

तिने मला भिंतीवरून काढून तोंडासमोर धरलं. केवढी सुकली होती माझी दोमितिला! रडणाऱ्या तोंडाला फुसकारता येत नाही. तीनदा 'ए' आडवा आला. मग तिने डोळे पुसले, दात घट्ट आवळले.

"स्टेला."

अगदी स्वच्छ. दारात निकानोर उभा होता, त्याने टोपी काढली. मला छातीशी धरून ती उंबऱ्यावर गेली आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "स्टेला! स्टेला!"

आता मी फोटोपाशी आहे. वाफ अजून माझ्यावर आहे. बाई गं, एवढ्यात पुसू नकोस मला. पोर आली तर माझ्यात तिला तिचं तोंड दिसायचं नाही, हे मला ठाऊक आहे. निदान आजीचा श्वास तरी दिसू दे.