बोळातली सात आसनांची गाडी

मी एक उंच, दणकट, सात आसनांची आणि डिझेलवर चालणारी गाडी बोलतेय. ‘चालणारी’ हा शब्द सवयीने तोंडी आला. हवा तर खोडून टाका. गेली दोन वर्षं मी एका घराच्या कडेच्या बोळात उभी आहे. नाकापुढे भिंत, डावीकडे कुंपण, उजवीकडे स्वयंपाकघराची खिडकी, आणि पाठीला हुकाने जोडलेलं एक दोन चाकांचं घर. ते मागे आहे म्हणून मला बाहेर पडता येत नाही, आणि माझ्यावाचून त्याला जागचं हलता येत नाही. असे संसार माणसांतही असतात असं ऐकते.

माझा जन्म कारखान्यात झाला. सगळं अंग यंत्रांनी जोडलं. शेवटी एका माणसाने माझी पाचही दारं उघडून लावून पाहिली, कागदावर सही केली आणि जांभई दिली. माझ्या जन्मसोहळ्याला माणसांचा हातभार तेवढाच. माझ्या माहितीपत्रकावर मात्र मी डोंगरमाथ्यावर उभी होते, मागे ढग, पुढे दरी. ते चित्र मी खरं धरलं. नव्या गाड्या भाबड्या असतात.

पहिले मालक दातांचे डॉक्टर. त्यांचं घर ते दवाखाना अंतर दीड किलोमीटर, मध्ये नऊ गतिरोधक. ‘उंच गाडीतून रस्ता कसा लांबवर दिसतो!’ असं ते सगळ्यांना सांगत. दिसायची पुढच्या गाडीची पाठ. चारही चाकांना एकदम जोर देणारं माझं बटण त्यांनी एकदाच दाबलं, तेही गार हवेचं समजून. डिझेलच्या इंजिनाला दमसास लागतो; त्याला लांब पळवावं लागतं. मला घरापासून दवाखान्यापर्यंत नेलं की अंग गरम व्हायच्या आत बंद करत. माझ्या पोटात काजळी साठत गेली. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हिला उभी करायला जागा शोधण्यात तुमचे रोज दोन पेशंट उठून जातात. काढा हे धूड.” आणि मी निघाले.

दुसरे मालक म्हणजे आत्ताचे. पाणीपुरवठा खात्यात अडतीस वर्षं आरेखक होते. शहराखालून कुठली नळी कुठे वळते ते त्यांनी कागदावर काढायचं आणि खोदणाऱ्यांनी भलतीकडे खोदायचं, अशी त्यांची नोकरी. त्यांना सगळे ‘साहेब’ म्हणतात. खात्यात कुणी म्हणत नव्हतं, ती कसर निवृत्तीनंतर भरून निघाली. त्यांच्या पत्नी मोठ्या रुग्णालयात परिचारिका होत्या. गल्लीत लहानथोर त्यांना ‘सिस्टर’ म्हणतात.

सिस्टरांनी समुद्र पाहिलेला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी साहेब म्हणाले होते, “एकदा जरा स्थिरस्थावर होऊ दे, मग समुद्रावर जाऊ.” मग मुलीची शाळा झाली, मग तिचं लग्न झालं, मग ‘निवृत्त झालो की’ असं झालं. माणसं सहलीला निघण्याआधी एवढी स्थिर का होतात, ते मला कळलेलं नाही.

पण निवृत्त झाल्यावर साहेबांनी शब्द मनावर घेतला, हे कबूल करायला हवं. मला विकत घेण्याआधी ते बॅटरी घेऊन माझ्याखाली पाठीवर सरपटत गेले आणि अर्ध्या तासाने शिंकत बाहेर आले. “हिची ओढायची ताकद भरपूर आहे,” ते सिस्टरांना म्हणाले. माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. मग मला मागे लोखंडी हुक बसवला, आणि त्याला जोडायला हे फिरतं घर आलं. दोन माणसांना झोपायला बाक, दोन शेगड्या, एक नळ, चार खिडक्या. पडदे सिस्टरांनी शिवले. निळे.

एका सकाळी आम्ही निघालो. खरं सांगते, ओझं ओढताना मला पहिल्यांदा मी कशासाठी जन्मले ते कळलं. चढावर इंजिनाने असा सूर लावला, की पोटातली निम्मी काजळी तिथेच झडली. सिस्टर दर दहा मिनिटांनी मागे वळून घर येतंय ना ते बघत होत्या.

चाळीसाव्या किलोमीटरला साहेब डिझेल भरायला पंपावर शिरले. तिथे पुढे एक टँकर उभा होता, म्हणून मागे यावं लागणार होतं. आणि तिथे आमचं नशीब वाकडं झालं. मागे काही जोडलेलं असलं, की रिव्हर्समध्ये सगळं उफराटं होतं. घर डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं. साहेबांना हे पाठ होतं, घरी चित्र काढून ठेवलं होतं. पण हात ऐकेनात. आधी घर उजवीकडे गेलं, मग फारच डावीकडे. शेवटी मी आणि ते कोनात दुमडून अडकलो. मागे हॉर्न सुरू झाले. एकजण म्हणाला, “काका, घर विकून टाका, भाड्याने राहा!” पंपावरची सगळी माणसं हसली. टँकरवाल्याने उतरून किल्ली मागितली, बसला, आणि मिनिटभरात आम्हांला सरळ करून दिलं. साहेबांनी आभार मानले, डिझेल न भरताच मला वळवलं आणि थेट घरी आणलं. चाळीस किलोमीटर सिस्टरांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी मला नाकासमोर या बोळात घातलं. आत शिरायला रिव्हर्स लागत नाही, एवढंच त्यांनी पाहिलं. अडतीस वर्षं पाणी कुठून शिरतं आणि कुठून बाहेर पडतं ते काढणाऱ्या माणसाने, आपण बाहेर कसे पडणार ही एक रेघ काढली नाही. बोळाला फाटकाकडे चढ आहे. घर सोडवून हाताने ढकलावं म्हटलं, तर चार माणसांनाही ते चढवत नाही, आणि हात सुटला तर माझ्यावरच येऊन आदळायचं.

“उद्या काढतो,” साहेब म्हणाले.

तो उद्या अजून आलेला नाही. पण माझी देखभाल? तशी राजवाड्यातल्या गाड्यांचीही होत नसेल. दर सोमवारी चाकांतली हवा मोजणार, दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवणार. त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या भाजीला माझ्या धुराचा वास. हुकाच्या गोळ्याला ग्रीस. मागच्या घराचे दिवे लागतात का, डावा, उजवा, थांबण्याचा, सगळे तपासून वहीत बरोबरची खूण. टायर एकाच जागी टेकून चपटे होऊ नयेत म्हणून पहिल्या तारखेला मला जॅकवर चढवून प्रत्येक चाक हाताने पाव फेरा फिरवायचं. माझी चाकं फिरतात, मी तिथेच. माझं चालकाच्या बाजूचं दार भिंतीमुळे जेमतेम फूटभर उघडतं. साहेब पोट आत ओढून, श्वास धरून आत शिरतात आणि बसून राहतात. शेजारीच खिडकी. तिथून सिस्टर त्यांना चहाचा कप देतात. प्रवास म्हणायचा तर एवढाच.

मेकॅनिक वर्षातून दोनदा घरी येतो. दुसऱ्या वेळी माझ्या आकड्यांकडे बघून तो म्हणाला, “साहेब, सहा महिन्यांपूर्वी जेवढे किलोमीटर होते तेवढेच आहेत.”

“तारखेप्रमाणे ऑइल बदलायचं असतं,” साहेब म्हणाले.

“ते बदलतो हो. पण उभ्या उभ्या धूर काढण्यापेक्षा बंद राहिलेली बरी. हिला पळवा.”

“पळवायची आहे ना. हवा जरा निवळू दे.”

हवा दोन वर्षं निवळतेय. मधल्या काळात साहेबांनी आम्ही बाहेर कसे पडणार याचे चौदा नकाशे काढले, कोनांसकट. आगपेटी आणि खोडरबर दोऱ्याने बांधून ते टेबलावर झकास मागे आणतात. जावई एकदा म्हणाला, “बाबा, मी काढून देतो.” त्यावर साहेब एवढंच म्हणाले, “माझी गाडी आहे.” तो पुन्हा बोलला नाही.

लोक विचारतच. कधी निघताय, काय बेत. पहिल्यांदा कुणीतरी असं फाटकात विचारलं तेव्हा साहेबांची मान खाली गेली. तेवढ्यात खिडकीतून सिस्टर म्हणाल्या, “कसलं निघतोय! माझे गुडघे बघा ना, बसवत नाही गाडीत.” मी चकित झाले. याच बाई सकाळी स्टुलावर चढून माझं छत पुसून गेल्या होत्या. मग ते उत्तरच ठरून गेलं. भाजीवाला, शेजारी, मुलगी, सगळ्यांना गुडघे. लोक तेल सुचवत, लेप सुचवत. मुलीने तर गुडघ्यांचे पट्टे पाठवले. सिस्टर ते बाहेर कुणी आलं की घालत.

मागच्या महिन्यात साहेबांच्या खात्यातले एक जुने सोबती आले. दोघे माझ्यापाशी उभे राहिले. सोबत्याने माझ्या बॉनेटवर थाप मारून विचारलं, “एवढी मस्त तयारी, आणि अजून इथेच?”

साहेबांनी सुस्कारा टाकला. “काय करणार? सगळी तयारी केली मी. हिच्या गुडघ्यांनी घात केला. आता या वयात बायकोला टाकून तर जाता येत नाही!”

हे ते इतक्या मनापासून म्हणाले, की क्षणभर मलाही पटलं. खिडकीत भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला.

सोबती गेल्यावर साहेब नेहमीसारखे आत शिरून स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. खिडकीत सिस्टर आल्या. चहा नव्हता.

“अहो, माझ्या गुडघ्यांना काय झालंय?”

“म्हणजे?”

“नाही, तुम्ही सांगत होतात म्हणून विचारलं. पस्तीस वर्षं वॉर्डात उभी होते मी. दुखत असते तर मला कळलं असतं.”

“अगं, तूच तर सांगितलंस सगळ्यांना!”

“लोकांना सांगितलं. तुम्हांला नव्हतं सांगितलं.”

साहेबांनी माझा पुढचा आरसा उगीच नीट केला.

“मी तुमची लाज झाकली,” सिस्टर म्हणाल्या, “आणि तुम्ही तेच पांघरूण ओढून झोपलात.”

दुसऱ्या दिवशी त्या मागच्या घरात गेल्या. कपाटातून आपले दोन कपडे, उन्हाची टोपी आणि चपला पिशवीत भरल्या. नव्या चपला, अजून तळाला कागद चिकटलेला. रुग्णालयातली त्यांची एक मैत्रीण समुद्राजवळ राहायला गेली होती. “बस साडेआठची आहे,” त्या खिडकीतून म्हणाल्या. “डाळ-तांदूळ कुठे असतात माहीत आहे ना?”

“थांब ना, मी काढतो गाडी.”

“काढा की. मी कुठे धरून ठेवलीय?”

आणि त्या गेल्या. फाटक त्यांच्यासाठी उघडलं आणि लागलं. मी बाजूच्या आरशात पाहिलं. भरभर चालत होत्या. गुडघे उत्तम.

त्यानंतरच्या सोमवारी साहेबांनी इंजिन सुरू केलं नाही. बसून राहिले नुसते. मलाही धुराची सवय होती; त्या दिवशी फार शांत वाटलं.

चार दिवसांनी ऑइल बदलायला मेकॅनिक आला. “वहिनी कुठायत?”

“समुद्रावर.”

“आणि गुडघे?”

साहेबांनी बराच वेळ फडक्याने हात पुसले. हात स्वच्छ होते. “तिच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही,” ते म्हणाले. “मला मागे घेता येत नाही.”

मेकॅनिक हसला नाही. मी त्याचं हे ऋण मानते. तो म्हणाला, “एवढंच? द्या किल्ली, चार मिनिटांत रस्त्यावर उभी करतो.”

“काढू नकोस,” साहेब म्हणाले. “शिकव.”

मेकॅनिकने त्यांना बसवलं आणि स्वतः खिडकीशी उभा राहिला. “नकाशे ठेवा आत. स्टिअरिंग वरून धरू नका, खालून धरा, एका हाताने. घर ज्या बाजूला न्यायचंय, त्या बाजूला तो हात सरकवा. उजवं-डावं मनात आणूच नका.”

चौदा नकाशे एका वाक्यात निकाली निघाले. साहेबांनी रिव्हर्स टाकला. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या नाकापुढची भिंत मागे सरली. दोन फूट. मग घर कुंपणाला घासलं, आणि साहेबांनी असा ब्रेक मारला जणू विमान पडलं. “घासू दे,” मेकॅनिक म्हणाला. “रंग पुन्हा देता येतो. पुढे घ्या, परत या.”

तेव्हापासून हेच चाललंय. रोज सकाळी नाश्ता झाला की साहेब येतात. चार फूट मागे, दोन फूट पुढे. माझ्या उजव्या अंगावर तीन ओरखडे आलेत, मागच्या घराचा एक दिवा फुटलाय, वहीत आता बरोबरच्या खुणा नाहीत, नुसते फूट आहेत. शेजारचे कुंपणावरून बघतात. साहेब त्यांच्याकडे बघत नाहीत. घाम पुसतात आणि स्टिअरिंग खालून धरतात.

काल सिस्टरांचा फोन आला. साहेबांनी तो माझ्या आतच घेतला, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“कसा आहे समुद्र?”

“मोठा आहे. तुम्ही किती आलात?”

“अकरा फूट.”

“आठवड्यात अकरा फूट! बरं आहे की. मग मी अजून आठ दिवस राहते.”

साहेब म्हणाले, “परत येताना बसने येऊ नकोस. मी येतो न्यायला.”

“बोळातून?”

“बोळातून.”

“आठ दिवस आहे मी,” सिस्टर म्हणाल्या. “नवव्या दिवशी तिकीट काढणार.”

हे ऐकलं आणि रात्रभर मी हिशेब करत राहिले. बोळ तीस फुटांचा, रस्त्यावर वळण घ्यायला आणखी पंचवीस. होईलही. नाही झालं, तर नवव्या दिवशी बाई बसने येतील, कपाटात चपला ठेवतील, आणि मला ठाऊक आहे, यापुढे या बोळात कुणी कधी समुद्राचं नाव काढणार नाही. इंजिन मात्र दर सोमवारी सुरू होईल.

डोंगरमाथा मी कधीच सोडून दिला. मला आता फाटकापलीकडचा रस्ता पुरे आहे. साहेब पोट आत घेऊन दारातून शिरतायत, आरसे लावतायत, त्यामुळे मला बोलणं इथेच थांबवायला हवं. वाचकहो, माझी एकच विनंती. एखादा म्हातारा अशी लांबलचक गाडी मागे घेताना दिसला तर हॉर्न वाजवू नका, सल्ला देऊ नका, आणि कृपा करून जरा बाजूला व्हा.