रोस्कॉफला जळालेला कुकर

मित्रांनो, तीन वाट्या तांदूळ मावणारा, एकाच बटणाचा मी एक म्हातारा इलेक्ट्रिक कुकर. सध्या मुक्काम अमेरिकेत, श्रूजबरीतल्या एका गॅरेजमध्ये, बर्फ काढायच्या फावड्याशेजारी. माझा तळ आतून काळा पडलाय. तो कसा पडला ते सांगतो, पण सुरुवातीपासून ऐका. मध्येच तोडलेलं मला आवडत नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते नीलांबरीकाकूंनी मला घरी आणलं तेव्हा. सव्वीस वर्षं मी त्यांच्या ओट्यावर होतो. मसालेभात केला, त्यांच्या लेकीला, केयाला ताप आला की गुरगुट्या भातही केला. पाहुणे म्हणत, "काकू, भात काय मोकळा होतो हो तुमचा!" मग मी असा काही फुगायचो की विचारू नका.

काकूंचे यजमान उल्हासकाका इलेक्ट्रिकल इंजिनिअर. पुण्याहून नवीन आलेल्या प्रत्येक जोडप्याला त्यांचं व्याख्यान ठरलेलं. "अडॅप्टरने फक्त पिना बदलतात हं, व्होल्टेज नाही! इथलं यंत्र तिकडे लावलंत तर जाळून बसाल." ऐकून ऐकून मलाही ते पाठ झालं होतं.

रिटायर झाल्यावर मात्र काकांचं काहीतरी बिनसायला लागलं. ग्रोसरीला जायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. केयाला एकदा त्यांनी आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. ती हादरली. "आई, बाबा नीड्स अ डॉक्टर. प्लीज!" तिनेच अपॉइंटमेंट घेतली. काकूंनी ती कॅन्सल केली. "वय झालं की होतंच गं. हवापालट झाला की बरं वाटेल त्यांना." खरं म्हणजे त्या मनातून पार घाबरल्या होत्या. डॉक्टर कुठल्या आजाराचं नाव घेतील, ते त्यांना ऐकायचंच नव्हतं.

म्हणून दोघं फ्रान्सला निघाले. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचं रोस्कॉफ हे गाव गुलाबी कांद्यांसाठी प्रसिद्ध. पण शाकाहारी माणसांनी त्या मासे-शिंपल्यांच्या गावात रोज खायचं काय? म्हणून काकूंनी मला टॉवेलात गुंडाळून, व्होल्टेज उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरसकट बॅगेत घातलं.

दुसऱ्याच दिवशी काका बाजारातून कांद्यांची वेणी गळ्यात घालून आले. "नीलू, आज कांदेभात मी करणार!" कित्येक महिन्यांत ते इतके खुशीत दिसले नव्हते. त्यांनी कांदे चिरले, तांदूळ धुतले, माझ्या वायरीला ट्रान्सफॉर्मरऐवजी नुसता अडॅप्टर लावला आणि पिन भिंतीत खुपसली.

अहो, मला ओरडता आलं असतं तर! फ्रान्समध्येही भारतासारखंच दुप्पट व्होल्टेज, ते सगळं अंगात शिरलं. फट् झालं, खोलीभर धूर झाला. काका माझ्याकडे बघतच राहिले. "नीलू, हा असा कसा जळला?"

हे काका विचारत होते!  काकूंनी धूर घालवायला खिडकी उघडली.

घरी आल्यावर त्यांनी केयाला सांगितलं, "माझाच वेंधळेपणा. मी लावला कुकर." मला भयंकर राग आला. प्रेमापोटी का होईना, खोटं ते खोटंच. आणि काकाही खाली मान घालून गप्प बसले.

परवा केया मला रीसायकलिंगला न्यायला गॅरेजमध्ये आली. काकू होत्याच. इतक्यात काका दारात येऊन उभे राहिले.

"केया, कुकर आईने नाही, मी लावला होता."

"अहो, राहू द्या ना आता," काकू म्हणाल्या.

"नाही नीलू. जे सगळ्या जगाला शिकवलं, तेच मला त्या दिवशी आठवलं नाही. मी फार घाबरलोय गं. हे तुम्हाला सांगायचंय, एवढं आज आठवतंय. तर आजच डॉक्टरांना फोन लावा."

काकू पायरीवर बसून ढसाढसा रडल्या. केयाने बाबांना मिठी मारली आणि दुसऱ्या हाताने फोन काढला.

मित्रांनो, मला खुशाल टाकून द्या, माझी सेवा झाली. पण घरातलं कुणी विसरायला लागलं, तर त्याच्या चुका स्वतःच्या नावावर घेऊन गप्प बसू नका. त्याच्याजवळ बसा, भीती वाटते का विचारा. काकांना इतके महिने हे कुणी विचारलंच नव्हतं.