झुडपामागचा साधक

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता. मी दर रविवारसारखी अमरावतीहून अकोल्याला आले होते आणि बाबांचे मित्र धर्मेंद्रकाका नेहमीप्रमाणे आमच्या भिंतीवरच्या चित्राचा अर्थ सांगायला आले होते. चित्र म्हणजे एका जुन्या फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमकडच्या, निसर्गचित्राची छापील प्रत. काका कलेचे निवृत्त प्राध्यापक. वर्ग म्हणून आता फक्त बाबा उरले होते.

"खाली तपकिरी, मधात हिरवा, वर निळा. क्षितिज इतकं वर काहून नेलं, देवराव? मानसाले लहान कराले. सारी उदासी आहे."

"असं म्हनतं?" बाबा म्हणाले.

काका गेल्यावर ते मला म्हणाले, "मले तं गाडीवाले, बकऱ्यावाले, कापनीवाले दिसतात. उदास व्हाले टाइम कोनाले आहे तिथं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

काही दिवसांनी बाबांच्या जलदान विधीला त्रिसरण-पंचशील झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं. आमच्याकडे माइक हाती आला की माणूस दोन वाक्यं गेलेल्यावर बोलतो, बाकीची स्वतःवर. काकांनी चित्र उतरवून बाबांच्या फोटोशेजारी ठेवायला लावलं. माइकवर त्यांची भाषा पुण्याची होते.

"ही रिकामी वाट म्हणजे देवरावांचं मन. आणि झुडपामागे, जगापासून दूर, हा ध्यानस्थ साधक पाहा!"

मी वाकून पाहिलं. साधकाची विजार घोट्यापर्यंत उतरली होती. असा एखादा माणूस कोपऱ्यात बसवून द्यायची त्या चित्रकारांना खोडच होती. फक्त टमरेल तेवढं नव्हतं.

माझे खांदे हलू लागले. सुभद्राआत्यानं मला जवळ घेतलं. "रडू दे माय तिले."

"हे चित्र आमच्या कलासंस्थेत लावू," काका म्हणाले. "खाली लिहू, एकाकी देवराव. चालेल ना, भावना?"

मी चित्र उचलून छातीशी धरलं.

"नाही काका. तो मानूस हगाले बसला आहे."

आत्यानं माझ्या पाठीवरचा हात काढला.

"आन् बाबा एकाकी नव्हते. तुमच्या घरी तुमचं कोनी आयकत नाही, म्हून ते आयकत होते. मीही दर रविवारी बसत होती, पन तुमच्यासाठी नाही. तेवढा वेळ त्यायच्या बाजूले बसाले भेटे. मले माहे बाबा लय आवडत, काका. त्यायले कधी सांगतलं नाही."