पडीक विहीर

“ह्या इहिरीचा पाणी कोणच भरणा नाय, बाय. पडीक आसा ती,” शेवंती कठड्यावर फतकल मारून म्हणाली. पोहरा तिने आत्ताच गवतात ढकलला होता, आणि दोराने दगडात पडलेल्या खाचा पदराखाली झाकल्या होत्या.

“मग कठडा ओला कसा?” मृणालिनीने विचारलं.

“कावळे न्हातत.”

मृणालिनी हसली. कॉलेजातून आलेली ही मुलगी मरोळच्या वाडीत घरोघर एकच विचारत फिरत होती. पाणी कुठून आणता, कोण कोणाला भरू देतं, विहीर कोणाची मानता? शहर पाण्याच्या आधाराने कसं वसतं, याचा म्हणे अभ्यास. शेवंतीला ते तसूभरही पटलं नाही. पाणी काय अभ्यासायची गोष्ट आहे? विहीर शेटजींच्या जमिनीत. आज आपण भरतो म्हणावं आणि उद्या शेटजींनी दोर कापावा! एवढी दूधखुळी नव्हती ती. तिने अख्ख्या वाडीला पढवून ठेवलं होतं आणि वाडीही पोपटासारखी बोलली.

पावसाळा सरला तसा शेटजींचा मुकादम मार्तंड भरावाची गाडी घेऊन आला. विहीर बुजवून तिथे चाळ उठणार होती. वाडीचा वापर असेल तर बुजवता येणार नाही, असं चौकशीला आलेले पालिकेचे साहेब म्हणाले. शेवंतीने धावत जाऊन मृणालिनीला आणलं. शिकलेल्या बाईचा शब्द साहेब मानतील, अशी तिची आशा.

“मी घरोघर विचारलं होतं,” मृणालिनी खालच्या आवाजात म्हणाली. “सगळे पडीकच म्हणाले. शेवंतीबाई, आता तुम्हीच खरं सांगा.”

“खोटा बोललंय मी!” शेवंतीचा आवाज फाटला. “माजी पोरां ह्याच पाण्यार वाढली.”

“तेव्हा पडीक, आणि गाडी आली तशी तुमची काय?” मार्तंड म्हणाला.

साहेबांनी वाडीकडे पाहिलं. शेटजींच्या धाकाने एकेक जण मागच्या मागे घरात शिरला. शेवंतीला स्वतःचाच संताप आला. जी विहीर राखायला गेली, ती तिनेच घालवली होती.

पुढच्या वर्षी सून जयंती बाळंत झाली. सोयर फिटल्यावर बाळंतिणीने विहीर पुजायची, ही घरची रीत. शेवंती तिला नव्या चाळीपाशी घेऊन गेली. कठड्याचा दगड आता चाळीची पायरी झाला होता. तिने त्यावरच्या चपला बाजूला सारल्या, दोराच्या खाचांत हळदकुंकू भरलं आणि तांब्यातलं पाणी ओतलं.

“अहो, इथे काय आहे?” चाळीतल्या एका बाईने संशयाने विचारलं.

“इहीर,” शेवंती म्हणाली. “आमची.”