हात दाखवायचा थांबा

ज्या माणसानं चाळीस वर्षं गाडी चालवली, त्याच्या शेजारी प्रवासी म्हणून बसण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. माझ्यावर ती दर गुरुवारी येते. माझा नवरा बातिस्त ट्रामच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं आलिकांतेहून सकाळची ट्राम पकडतो आणि स्पेनच्या या किनाऱ्यानं कुठंतरी जाऊन संध्याकाळी परत येतो. कधी एल काम्पेयोला मासळीचा बाजार बघायला, कधी विल्याहोयोसाला दाट चॉकलेट प्यायला, कधी गाडी बदलून पार देनियापर्यंत. मी पिशवीत बटाट्याचं ऑम्लेट भरलेला पाव आणि कॉफीचा थर्मास घेते, नवरा फक्त तक्रारी घेतो. वळणावर वेग जास्त होता. ब्रेक उशिरा लावला. हल्लीच्या पोरांना ट्राम चालवायची नसते, नुसती पुढं न्यायची असते.

एवढी टकळी चालू असते, पण गारोफेर जवळ आलं की तो गप्प होतो आणि उजवीकडे समुद्राकडे बघत बसतो. समुद्र तासभर उजवीकडेच असतो. बातिस्तला तो नेमका तिथंच दिसतो.

कारण डावीकडे, रुळांच्या वरच्या अंगाला, त्याच्या धाकट्या भावाचं, चिमोचं घर आहे.

गारोफेर म्हणजे एक फलाट, एक बाक आणि मागं एक जुनं झाड. ट्राम तिथं आपणहून थांबत नाही. आतल्याला उतरायचं असेल तर बटण दाबायचं, बाहेरच्याला चढायचं असेल तर फलाटाच्या कडेला येऊन हात दाखवायचा. या किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. चिमोलाही होतं, पण तो कधीच हात दाखवायचा नाही. खिशात हात घालून उभा राहायचा. विचारलं तर म्हणायचा, सख्ख्या भावाला हात कसला दाखवायचा? बातिस्त कुरकुरत थांबायचा. एकदा गाडीत तपासनीस होता. हात न दाखवणाऱ्यासाठी गाडी का थांबली, म्हणून त्यानं बातिस्तला सगळ्यांसमोर झापलं.

त्यानंतरच्या आठवड्यात चिमो पुन्हा तसाच उभा होता. या खेपेला बातिस्तनं शिट्टी दिली आणि गाडी पुढं नेली. दुपारी घरी जेवताना त्यानं मला ते हसत हसत सांगितलं. चिमोचं तोंड कसं झालं असेल, या विचारानं मीही हसले. ते हसू आजही मला टोचतं.

आमच्या सासूबाई तेव्हा इस्पितळात होत्या. त्या दिवशी सकाळी त्यांची तब्येत एकाएकी ढासळली आणि इस्पितळानं गारोफेरच्या खानावळीत फोन केला, कारण आसपास फोन तेवढाच होता. चिमो धावत फलाटावर आला होता. पुढची गाडी तासाभरानं होती. तो पोचला तेव्हा सासूबाईंच्या अंगावर चादर ओढलेली होती.

अंत्यविधीला चिमो एवढंच म्हणाला, "तू मला पाहिलं होतंस ना?"

बातिस्त म्हणाला, "तू हात दाखवला नाहीस."

सव्वीस वर्षं झाली त्याला. मी खूप समजावलं, रागावले, नाताळात चिमोच्या घरी बदामाची मिठाई पाठवली. ती न उघडता परत आली.

मागच्या सोमवारी मासळीवालीनं सांगितलं की चिमोनं घर विकलंय. महिनाअखेरीस तो लेकीकडे जाणार आहे, तिकडं फ्रान्समध्ये, तुलूझला. बातिस्तनं ऐकलं आणि सार्डिनचे डोळे तपासत राहिला. मी मात्र मनाशी ठरवलं. हा गुरुवार गेला तर पुढं फक्त पत्रिका येणार, आणि तीही काळ्या काठाची, मरणाची.

गुरुवारी गारोफेर जवळ आलं, बातिस्तनं समुद्राकडे मान वळवली आणि मी बटण दाबलं. तो म्हणाला, कुणीतरी चुकून दाबलेलं दिसतंय. मी म्हटलं, मी दाबलंय, आणि तू उतरला नाहीस तर मी एकटी उतरेन आणि घरी जेवायला थंड सूप मिळेल. तो उतरला. सूप हे निमित्त होतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

चढण चढून गेलो. घराच्या झडपा अर्ध्या उघड्या होत्या, आत रेडिओ चालू होता. बातिस्तनं दार ठोठावलं. रेडिओ बंद झाला. पुन्हा ठोठावलं. आत खुर्ची सरकली, आणि मग काहीच नाही. ओसरीवर दोरीनं बांधलेली खोकी रचून ठेवली होती. त्यांतल्या एकावर "आईचं" असं लिहिलेलं होतं. बातिस्त त्या खोक्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग दाराला उद्देशून म्हणाला, "मी आहे." जसं काही आतल्याला ते ठाऊकच नव्हतं.

शेवटी आम्ही खाली आलो. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, दोघा भावांचा सारखाच. परतीची ट्राम वळणावर दिसली तशी मी फलाटाच्या कडेला जाऊन हात वर करू लागले. बातिस्तनं माझा हात धरून खाली आणला. मग त्यानं आपले दोन्ही हात खिशात घातले आणि नुसता उभा राहिला. चालवणाऱ्या मुलीनं आमच्याकडे पाहिलं, वेग कमी केला, थोडी वाट पाहिली. बातिस्त हलला नाही. तिनं शिट्टी दिली आणि ट्राम निघून गेली.

मी त्याला वेड्यात काढणार होते, एवढ्यात मागं चपलांचा आवाज आला. चिमो उतरणीवरून येत होता. घरातल्याच सपाता, बटणं वरखाली लावलेला स्वेटर. केवढा म्हातारा झाला होता तो. वरून सगळं बघत होता, हे उघड होतं.

"इथं हात दाखवावा लागतो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आता पुढची तासाभरानं."

"तेही माहीत आहे," बातिस्त म्हणाला. त्याचा आवाज मला अनोळखी वाटला. "मी तुला पाहिलं होतं, चिमो. तुझं तोंडसुद्धा पाहिलं होतं. काहीतरी झालंय, हे मला तेव्हाच दिसलं होतं. तरी थांबलो नाही."

हे त्यानं मलाही कधी सांगितलं नव्हतं.

चिमो बाकावर बसला. थोड्या वेळानं बातिस्तही बसला, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. तिथं मी बसले. दोन पावांचे तीन वाटे केले. चिमोनं पहिला घास खाल्ला आणि म्हणाला, मीठ कमी आहे, आई कांदाही घालायची. बातिस्त म्हणाला, सव्वीस वर्षं मी हेच सांगतोय हिला. मी दोघांनाही काही बोलले नाही. आयुष्यात एवढी गप्प मी कधी राहिले नव्हते.

तो तास कसा गेला कळलं नाही. ट्राम वळणावर आली तेव्हा मी उठायच्या आत चिमो उठला, सपाता फरफटत फलाटाच्या कडेला गेला आणि ज्यानं जन्मात कधी हात दाखवला नाही, त्यानं आमच्यासाठी हात वर केला.