शेपूट तोडलेला आकडा

डहाणू रोडच्या शाळेत मुक्ताबाई गणित शिकवायच्या. दर वर्षी नव्या वर्गासमोर त्या एकच आकडा फळ्यावर लिहायच्या: ७३९३९१३३. मूळ संख्या. एक आणि तो स्वतः सोडला तर कुणाचाच भाग जात नाही. शेपटाकडून एकेक अंक तोडत जा, उरेल तीही मूळच. "कितीही छाटा, वाकत नाही," असं त्या कौतुकाने सांगायच्या. सरावलीच्या घरातही हाच आकडा. वायफायला पूर्ण, कपाटाला पहिले पाच अंक, फाटकाच्या कुलपाला चार. नवऱ्याला, विष्णूला, तो तोंडपाठ होता.

म्हणूनच तलासरीच्या लाहूबरोबर पळून जाण्याआधी निशिगंधाने आईच्या फोनचा आकडा बदलला. ५०४०. एकापासून दहापर्यंत कुणीही यावं आणि भाग घेऊन जावं, असा भला आकडा. "बाबांच्या डोक्यात हा येणारच नाही," ती म्हणाली. "आणि पाच वेळा चुकलं की फोन सगळं पुसून टाकेल."

आज दुपारी नव्या नंबरावरून तिचा निरोप आला, तिच्याच आवाजातला. वर एवढंच लिहिलेलं: 'आई, आम्ही कुठे आहोत ते यात सांगितलंय.' मुक्ता तो ऐकणार तोच चिकूच्या वाडीतून विष्णू आला, हातात कोयता. त्याने फोन हिसकावला, तेवढ्यात पडदा बंद झाला.

"आकडा बोल. दोघांना आजच कापून येतो."

तो नुसत्या धमक्या देणाऱ्यांतला नव्हता. लाहूच्या भावाचा पाय त्याने परवाच मोडला होता.

"आपलाच की," मुक्ता म्हणाली.

त्याने आठही अंक दाबले. चूक. कोयत्याची मूठ तिच्या जबड्यावर बसली.

"शेवटचा अंक काढा," ती रक्त गिळत म्हणाली. तेही चूक. त्याने तिला खाली पाडलं, तिचा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि करंगळीवर बूट आपटला. "अजून एक काढा." चूक. पुन्हा बूट, शेजारच्या बोटावर. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतःच्या कानांनी ऐकला. ५०४० जिभेच्या टोकावर आला. बोलली तर बोटं वाचत होती आणि पोर जात होती. तिने ओठ चावला.

"कपाटाचा लावा."

तोही चुकला. त्याने तिचं डोकं भिंतीवर आदळलं.

"फाटकाचा," ती पुटपुटली.

विष्णूला वाटलं, बाई मोडली. बायकोला दुसरा आकडाही माहीत असू शकतो, हे त्या शहाण्याच्या मनातही आलं नाही. त्याने ७३९३ दाबलं.

फोन काळा झाला, थरथरला आणि नव्या कोऱ्या फोनसारखा विचारू लागला: भाषा निवडा. मराठी, हिंदी, गुजराती.

विष्णूचा कोयता वर गेला आणि उंबऱ्यावर आला. मोडलेली दोन बोटं तिथेच राहिली.

आरडाओरडा ऐकून शेजारी धावले. त्यांनी त्याला धरलं. शेजारच्या बायजीने पदर फाडून मुक्ताचा हात करकचून बांधला.

"रडू नको गं. दोनच बोटं गेली, हात वाचला."

"बोटांसाठी नाही रडत," मुक्ता म्हणाली. "तिचा आवाज ऐकायचा राहिला."