सरावाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. दोन हातांची, जाड पायांची आणि स्वभावाने ताठ. सुवार्तेच्या कामासाठी परदेशी जाणाऱ्यांना तयार करणाऱ्या एका ख्रिस्ती महाविद्यालयात माझा जन्म झाला. तिथे बायबल, परकी भाषा आणि शुश्रूषा यांच्याबरोबर सुतारकामही शिकवत. एका तुकडीने परीक्षेसाठी मला घडवले. माझे सांधे ठोकून पाहत मास्तर म्हणाले, "हिच्यावर हत्ती बसवा, हलायची नाही!" तेव्हा माझ्या डोक्यात जी हवा गेली, ती पुष्कळ वर्षे निघाली नाही.

आधी मी वाचनालयात होते. लोक माझ्यावर बसून परकी क्रियापदे घोकत आणि घोकता घोकता पेंगत. मग हवालदार आले आणि त्यांनी मला सरावाच्या खोलीत नेले. ते पोलिसातले नव्हते बरे का, शिक्षकच होते. कडकपणामुळे विद्यार्थ्यांनी हे नाव पाडले होते. परदेशात बंदूकवाल्यांनी त्यांना चाळीस दिवस डांबून ठेवले होते. परत आल्यावर त्यांनी हा सराव सुरू केला. प्रत्येकाला काही खोटी नावे पाठ करायला द्यायची. मग एके दिवशी अचानक धरून आणायचे, माझ्याशी बांधायचे आणि विचारायचे, "तुझ्या घरी प्रार्थनेला कोण कोण येतं?" नाव सांगितले की परदेश विसरा. अगदीच सहन होईना तर माझ्या हातावर पंजाने तीन थापा मारायच्या. मग सगळे थांबत आणि सराव पुढे कधीतरी पुन्हा होई.

सांगायला लाज वाटते, पण मला या कामाचा अभिमान होता. थपडा बसत, पाणी ओतले जाई, चांगली धिप्पाड माणसे आईला हाका मारत. मी कधी कुरकुरले नाही. "खुर्ची असावी तर अशी," हवालदार म्हणत आणि मी फुगून जाई.

एका वर्षी सुतार आणि नर्सबाई आले. नवरा-बायको होते. दूरच्या एका बेटावर दवाखाना काढायचा म्हणून दोघे सहा वर्षे वाट पाहत होते. तो बांधणार, ती चालवणार. निघायला पंधरा दिवस उरले असताना त्यांना दुपारच्या भरल्या ताटावरून उचलले. सुताराच्या तोंडात बोळा कोंबून त्याला माझ्याशी करकचून बांधले. दोन मदतनिसांनी नर्सबाईंचे दंड धरून त्यांना समोर उभे केले.

"एक नाव सांगा, याला सोडतो," हवालदार म्हणाले.

त्यांनी मान हलवून नकार दिला. पहिल्याच थपडेत सुताराचे नाक फुटले. मग लाकडी पट्टी बोटांवर बसू लागली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग तोंडावर ओला टॉवेल टाकून वरून बादलीने पाणी.

आणि चूक झाली होती ती अशी. बांधणाऱ्याने घाईघाईत दोरी मनगटाऐवजी पंजावरूनच गुंडाळली होती. सुताराला थाप मारताच येईना. तो एका बोटाच्या नखाने मला टोकरत होता. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. पाण्याच्या आवाजात ते कोणालाच ऐकू गेले नाही. मला कळत होते आणि मला हूं की चूं करता येत नव्हते. मला माझ्या घट्ट सांध्यांचा त्या दिवशी पहिल्यांदा राग आला.

नर्सबाईंचे लक्ष त्याच्या बोटांकडे गेले. "सर, थांबवा! नखं निळी पडलीत त्याची!"

"सगळे असंच म्हणतात. नाव?"

"सांगते! आधी पाणी थांबवा!"

"आधी नाव."

त्यांनी तोंड उघडले, पण भीतीने डोके रिकामे झाले होते. "आठवत नाहीयेत हो मला! एकही आठवत नाहीये!"

"वा! असंच टिकायचं," हवालदार म्हणाले आणि दुसरी बादली उचलली.

नर्सबाई एका मदतनिसाच्या हाताला कडकडून चावल्या. रिकामी बादली उचलून त्यांनी हवालदारांच्या कपाळावर हाणली. रक्ताची धार लागली. हवालदारांनी त्यांना भिंतीवर भिरकावले. मदतनीस नुसते बघत राहिले; त्यांना वाटले, हाही सरावच. नर्सबाई रांगत माझ्यापाशी आल्या आणि खांद्याने रेटून त्यांनी मला सुतारासकट आडवे केले. माझा पाय मुळातून मोडला, हात उखडला, दोरी सैल पडली. त्यांनी टॉवेल फेकला, बोळा ओढून काढला. सुतार श्वास घेत नव्हता. त्याच्या छातीवर त्या दोन्ही हातांनी दाबत राहिल्या. शेवटी तो पाणी ओकला.

आठवड्याने निकाल लागला. हवालदारांनी लिहिले होते, "दोघेही उत्तीर्ण. बाईंनी शेवटपर्यंत एकही नाव सांगितले नाही." सुताराच्या दोन बोटांत मात्र पुन्हा जीव आला नाही.

नर्सबाई तो कागद घेऊन सरावाच्या खोलीत आल्या. "सर, आठवली असती ना, तर सगळी नावं सांगितली असती मी. खरी असती तरी." कागद त्यांनी हवालदारांच्या हातात परत दिला. ती दोघे बेटावर गेली नाहीत.

हवालदारांनी टाके घातलेल्या कपाळावरून हात फिरवला. मग त्यांनी मदतनिसाला हाक मारली. "खुर्ची जोडून घ्या. सोमवारी नवी तुकडी आहे."

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतो, आम्हाला जपा, आम्हाला दुरुस्त करा. मी तसे म्हणणार नाही. मी आता सुतारशाळेत पडले आहे आणि शेगडीवर लाकूड चिकटवायचा सरस तापतो आहे. तुमच्यापैकी कोणी तिथे असाल, तर ते भांडे उतरवा. माझ्या फळ्या करा, नाहीतर त्याच शेगडीत घाला. पण मला जोडू नका.